शालूचं माहेर

लग्न ठरलं की आपल्याकडे पहिली चर्चा कार्यालयाची, दुसरी जेवणाची आणि तिसरी शालूची. आमच्याकडे मात्र तिसरी चर्चाच आधी झाली. साखरपुड्यानंतर आठवड्याभरात होणारी सून घरी आली आणि म्हणाली, "आई, माझ्यासाठी नवा शालू घेऊ नका. तुमचा आहे ना, तोच नेसेन मी."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! लगेच माळ्यावरची ट्रंक काढली. १९८६ साली नेसलेला माझा डाळिंबी शालू जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेला होता. घडी उलगडली आणि 'चर्र' असा आवाज झाला. जिथं जिथं घडी होती, तिथं तिथं रेशीम चिरलं होतं. पदर तसाच झळझळीत, काठ भरभक्कम आणि मधलं अंग मात्र उभ्या-आडव्या रेघांनी फाटलेलं!

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "जरीवाल्याला देऊन टाका. जाळून चांदी काढतात, बरे पैसे येतील." सून बिचारी काहीच बोलली नाही. मी रात्रभर तळमळत होते. फाटलेल्या शालूचं दुःख होतंच, पण त्यापेक्षा जास्त बोचत होती तो शालू घेऊन देणारी माझी मैत्रीण.

आम्ही दोघी गिरगावात एकाच बाकावर बसून शिकलो. ती लग्न होऊन काशीला गेली. सासर मराठीच, पण कित्येक पिढ्या काशीत राहिलेलं. माझं लग्न ठरल्यावर वडिलांनी तिला मनिऑर्डर पाठवली आणि तिनं सासूबाईंबरोबर आठ दिवस गल्ल्या पालथ्या घालून हा शालू निवडला. पुढे पत्रं चालू राहिली, मग फोन आले. फोन आले आणि गप्पा वाढायच्या त्या कमीच झाल्या! शेवटच्या भेटीला वीस वर्षं होऊन गेली होती. तीन वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले, तेव्हाही मी फोनवरच बोलले. "येते गं लवकरच" म्हटलं आणि गेले नाही.

सकाळी उठून तिला फोन लावला. शालूचं सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "घेऊन ये त्याला. इथंच जन्मलाय तो. आणि त्याच्याबरोबर तूही ये."

गल्लीतली मराठी

डिसेंबरात महानगरी एक्स्प्रेसनं निघाले. शालूची पिशवी रात्रभर उशाशी होती. नाशिक, भुसावळ, जबलपूर मागे पडलं, सतनाच्या पुढे थंडी अंगाला झोंबू लागली आणि वाराणसीला उतरले तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. रिक्षा चौकापर्यंतच. पुढे गल्ली. एका बाजूनं सायकल, दुसऱ्या बाजूनं गाय आणि मधून आपण! शेवटी दुर्गाघाटाजवळचा तो जुना दरवाजा दिसला. दारात ती उभी होती. केस पूर्ण पांढरे. मी काही बोलणार, तोच म्हणाली, "आधी चहा. रडायचं नंतर."

तिच्या घराचं काय वर्णन करू? मधोमध दगडी चौक, चौकात तुळस, चारी बाजूंनी खोल्या, वर गच्ची. माकडांच्या भीतीनं चौकावर लोखंडी जाळी बसवलेली. स्वयंपाकघरात मेतकुटाची बरणी आणि शेजारी मोहरीच्या तेलाचा डबा. बोलणंही तसंच. मराठीत सुरू झालेलं वाक्य मध्येच हिंदीचं वळण घेऊन परत मराठीत येतं.

या भागात मराठी माणूस काल-परवा आलेला नाही. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीला येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट मोठे धर्मशास्त्री. १६७४ साली शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करायला रायगडावर आलेले गागाभट्ट याच घराण्यातले. एकनाथ महाराजांनीही आपलं भागवत पुरं केलं ते काशीतच, १५७३ साली. पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये काशीयात्रेला आल्या होत्या. विश्वनाथाचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभं केलं ते १७८०च्या सुमारास. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर चिमाजी आप्पा काशीला येऊन राहिले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी इथंच जन्मली. मणिकर्णिका तिचं नाव, तीच पुढे झाशीची राणी. आणि हिंदी पत्रकारितेत ज्यांचं नाव आजही आदरानं घेतात, ते 'आज' दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर हेही काशीतच जन्मलेले मराठी गृहस्थ.

मैत्रिणीला या थोरांचं विशेष कौतुक नाही. ती म्हणते, "मोठी माणसं येऊन गेली. वाडे झाडायला मागे राहिलो आम्ही!"

पोहे की चुडा-मटार?

सकाळी तिनं न्याहारी पुढे ठेवली. मी म्हटलं, "वा, पोहे!" तर हसून म्हणाली, "खाऊन बघ." भिजवलेले पोहे, त्यात तुपावर परतलेले कोवळे मटार, आलं, मिरी, गरम मसाला आणि वर लिंबू. कांद्याचं नाव नाही. हा काशीचा हिवाळ्यातला चुडा-मटार. तिच्या सासूबाई त्यावर आपलं ओलं खोबरं पेरत. ती प्रथा तिनं चालू ठेवली आहे. बाहेर गल्लीत मलइयो विकायला बसले होते. उकळलेलं दूध हिवाळ्याच्या रात्री उघड्यावर दवात ठेवायचं, पहाटे घुसळायचं आणि वर येणारा केशरी फेस मातीच्या कुल्हडात भरायचा. जिभेवर ठेवला की विरघळतो. ऊन चढलं की मलइयो संपला! तो फक्त थंडीतच मिळतो, हे लक्षात ठेवा.

न्याहारीनंतर आम्ही गच्चीवर उन्हात बसलो. माकडांसाठी एक काठी जवळ आणि मांडीवर कापूस. ती रोज अकराच्या सुमाराला वाती वळते. फुलवाती, लांब वाती, दोन बोटांत कापूस फिरवायचा की वात तयार. त्या बिंदुमाधवाच्या देवळात देते. पंचगंगा घाटावरचं हे आताचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. मीही कापूस हातात घेतला. शाळेत हस्तकलेच्या तासाला आम्ही अशाच शेजारी बसून टाके घालायचो. माझा धागा नेहमी गुंतायचा, ती सोडवून द्यायची. आताही माझी वात जाडजूड झाली, तिनं न बोलता उलगडून परत वळली.

"मुलगा पुण्याला बोलावतोय," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली, रोज फोन करतो. पण मी या घरातून एक रात्रसुद्धा बाहेर राहिले नाही. मला वाटतं, एक दिवस दिवा लागला नाही तर घर मला विसरेल."

मला काय बोलावं सुचेना. "मी यायला हवं होतं तेव्हा," एवढंच म्हटलं.

"हवं होतंच," ती म्हणाली. "चौदाव्या दिवशी सगळी पांगली. मग संध्याकाळी मी दारातच बसायची. वाटायचं, तू येशील." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मग तिनंच विषय बदलला, "चल, मदनपुऱ्यात जाऊ. उजेडातच रेशीम बघावं."

मदनपुऱ्याचा माग

चौखंबा आणि ठठेरी बाजारातून, पितळेच्या भांड्यांच्या झगमगाटातून आम्ही चौकात आलो आणि तिथून ई-रिक्षानं गोदौलियावरून मदनपुऱ्याला. हा विणकरांचा जुना मोहल्ला. मुसलमान अन्सारी कुटुंबं इथं पिढ्यान्‌पिढ्या विणतात. आपल्याकडच्या मंगलकार्यात नेसला जाणारा शालू या हातांनी विणलेला असतो, हे आपल्यापैकी कितीजणींच्या ध्यानात येतं?

मैत्रिणीच्या सासरचा या मोहल्ल्यातल्या एका घराशी जुना संबंध. तिथले चाचा सत्तरीच्या पुढचे. त्यांनी "आइए भाभी" म्हणून सतरंजी घातली. खालच्या खोलीत जमिनीत खड्डा, त्या खड्ड्यात पाय सोडून त्यांचा मुलगा मागावर बसला होता. शेजारच्या घरातून यंत्रमागाची धडधड अखंड येत होती. इथला आवाज मात्र सावकाश, एक ठोका आणि मग शांतता.

मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ टांगलेली होती. ही जकार्ड पद्धत. भोकांप्रमाणे ताण्याचे नेमके धागे उचलले जातात आणि नक्षी उमटते. जकार्ड येण्यापूर्वी हेच काम नक्षाबंद करीत. ते दोऱ्यांच्या जाळ्यात आधी नक्षी बांधून घेत आणि एक मदतनीस वरून दोऱ्या ओढी. बुट्टीचे दोन मुख्य प्रकार चाचांनी दाखवले. 'फेकवा'त जरीचा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फेकतात आणि मागे लोंबणारे धागे नंतर कापतात. 'कढुआ'त प्रत्येक बुट्टी वेगळ्या छोट्या काडीवरच्या धाग्यानं जागच्या जागी विणतात. म्हणून ती मागूनही स्वच्छ दिसते आणि धागा निसटत नाही. भरगच्च कढुआ शालू असला तर एका मागावर महिने जातात.

आमच्या पैठणीची मी फुशारकी मारलीच! तिचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, कारण रंगीत धागे एकमेकांत अडकवून तो विणतात. चाचा हसून म्हणाले, "वो भी हमारी बहन है."

मग मी पिशवी उघडली. चाचांनी हात धुतले, पुसले आणि शालू मांडीवर घेतला. उलटा करून पाहिला, काठ चष्म्याजवळ नेला, पदरावरच्या कोयरीवर अंगठा फिरवला. "काम हाताचं आहे. कढुआ. जर खरी आहे. चांदीची तार, वर सोन्याचं पाणी. आता असली जर कोण घालतो? बहुतेक तांब्याची नाहीतर प्लास्टिकची." आणि मग त्यांनी तो फाटका भाग पुढे धरला. माझ्याकडे पाहून विचारलं, "बहनजी, तह कभी बदली नहीं?"

मी मान खाली घातली. नाही बदलली. जपून ठेवला होता ना! इतका जपून की जवळजवळ चाळीस वर्षांत उलगडूनसुद्धा पाहिला नव्हता. रेशीम एकाच घडीत दबून राहिलं, तर जिथं मोड पडते तिथं तंतू तुटतात. वर जरीचा भार. नेसून जितका खराब होत नाही, तितका शालू पेटीत पडून होतो.

मैत्रीण माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे. दोघींच्याही मनात एकच आलं असावं, पण बोलली ती. "ऐकलंस?"

"मधलं अंग वाचणार नाही," चाचांनी निकाल दिला. रफू केलं तर शेजारून फाटेल. पण पदर आणि काठ अजून दोन पिढ्या टिकतील. ते सोडवून त्याच रंगाच्या नव्या रेशमावर बसवता येतील. "जुनं सोनं नव्या डबीत," असं मैत्रिणीनं मराठीत समजावलं. मी सुनेला फोन लावून विचारलं. ती म्हणाली, "आई, मग तर तो तुमचा आणि माझा, दोघींचा होईल!" काम मैत्रिणीच्या देखरेखीखाली करायचं ठरलं.

निघताना चाचांचा मुलगा म्हणाला की त्याचा धाकटा भाऊ सुरतला यंत्रमागावर गेला आहे. तिथं पगार दर महिन्याला मिळतो. इथं विणलेल्या शालूसारखाच दिसणारा यंत्रावरचा माल काही तासांत तयार होतो आणि 'बनारसी' म्हणून खपतो. बनारसी साड्यांना २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण ग्राहकानं उलट बाजू पाहिलीच नाही तर त्या मानांकनाचा काय उपयोग? मीसुद्धा मागे एका प्रदर्शनातून 'हातमागाची' म्हणून घेतलेली साडी यंत्राची निघाली होती. तेव्हा साडी घेताना आधी उलटी करून बघा, मगच पदराचं कौतुक करा.

नावेतून

निघायच्या आदल्या पहाटे आम्ही दुर्गाघाटावरून नाव केली. धुक्यात पंचगंगेच्या पायऱ्या, वर आलमगीर मशीद, मग रामघाट, नागपूरकरांचा भोसले घाट, शिंदे घाटाजवळचं ते कललेलं देऊळ आणि पुढे मणिकर्णिका. तिथल्या ज्वाळा दिसल्या तेव्हा तिनं हात जोडले. "यांना इथंच आणलं," ती म्हणाली. पुढे बराच वेळ वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता. दशाश्वमेध गेला, अहिल्याबाई घाट आला, सूर्य वर आला आणि पाणी तांबूस झालं.

"लग्नाला येशील ना?" मी विचारलं.

"घर?"

"कुलूप लाव. दिवा शेजारच्या भाभी लावतील. चाचांनी काय सांगितलं, विसरलीस?"

ती हसली, पण हो म्हणाली नाही.

जाताना तिनं एक लाकडी डबी हातात ठेवली. लाल लाखेची, गोल, चकचकीत. हा सिंधोरा, पूर्वेकडच्या लग्नात नवरीच्या कुंकवासाठी देतात. खोजवा, काश्मीरीगंज भागातले कारागीर फिरत्या चरकावर लाखेची कांडी टेकवून असा रंग चढवतात. सावंतवाडीची भातुकली आठवते का? तीच ही कला, पण मुलूख दुसरा. "सुनेला दे," ती म्हणाली. "मी आले नाही तर माझी आठवण."

घडी बदलली

लग्नाच्या चार दिवस आधी संध्याकाळी बेल वाजली. दारात ती! हातात शालूची पिशवी, मागे पुण्याहून तिला आणायला काशीला गेलेला तिचा मुलगा. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिनं घराला कुलूप लावलं होतं. "किल्ली चाचांच्या सुनेकडे दिलीय," ती म्हणाली. "ती रोज येऊन तुळशीला पाणी घालणार आहे. मी म्हटलं, तुला चालेल का? तर म्हणाली, पाणीच तर घालायचं आहे!"

शालू पाहून सगळ्यांचे डोळे विस्फारले. जोड कुठं आहे, शोधूनही सापडेना.

लग्नाच्या सकाळी मात्र ती मागच्या खोलीत जाऊन बसली. मी बोलवायला गेले तर म्हणाली, "मी नको गं पुढे यायला. मंगलकार्य आहे, कुणी काही म्हणेल." मी काही बोलायच्या आत सूनच दारात आली. शालू दोन्ही हातांवर धरलेला. "मावशी, या शालूच्या निऱ्या मला जमत नाहीत. तुम्हीच घाला."

ती उठली. निऱ्या घालताना तिचे हात थरथरत होते, पण एकही निरी वाकडी गेली नाही. कुणी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी आम्ही ऐकणार नव्हतो.

रात्री दोघींनी मिळून शालूची घडी घातली, जुन्या मोडी सोडून. दर तीन-चार महिन्यांनी ती बदलायची असं ठरलं आहे. संक्रांतीला सून काशीला जाणार, पाडव्याला मैत्रीण इकडे येणार. तिनं पुण्याला कायमचं राहायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. तूर्त ती थोडे दिवस तिकडे, थोडे दिवस काशीत असते.

*जुना शालू जपताना:* धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, त्याऐवजी लवंगा किंवा वाळलेला कडुनिंब पुरचुंडीत बांधून ठेवा. अत्तर, सेंट जरीवर मारू नका. सावलीत वारा द्या. घडी वरचेवर बदला. आणि वर्षातून एकदा तरी तो नेसा!